कोल्हापुरातून कोकणात किनारा सांभाळायला जातोय, पण लावलेली रोपं जगत नाहीत. काय चुकतंय?

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून.

आम्ही अकरा जण, रोज सकाळी रंकाळा तलावावर फिरायला येणारे. कुणी बँकेत, कुणी शाळेत, दोघांची गुऱ्हाळं, एकाचं उद्यमनगरात वर्कशॉप. दोन वर्षं झाली, आम्ही देवगडच्या बाजूला एका छोट्या गावात जातोय, राधानगरी-दाजीपूर-फोंडा घाट करून. गावाचं नाव देत नाही, उगाच गर्दी व्हायला नको. पुळण, म्हणजे वाळूचा किनारा आहे, तिच्या मागं वाळूचा लांब उंचवटा, त्याच्या मागं सुरूचं बन आणि बनाच्या कडेला पंचायतीनं टाकलेली बाकडी. सुट्टीला आपल्याकडचीच माणसं तिथं डबा खायला बसतात आणि पत्रावळ्या, बाटल्या तिथंच टाकून निघतात, एमएच 09 च्या गाड्या बघून मला खरंच वाईट वाटतं. त्यातनंच हे सुरू झालं की आपल्या लोकांनी घाण केलीय तर आपणच जाऊन उचलूया.

कचऱ्याचं एक वेळ जमतंय. पण मागच्या जूनमध्ये आम्ही साठ रोपं नेली, वड, कडुलिंब, गुलमोहर आणि थोडी करंज. ती त्या वाळूच्या उंचवट्यावर लावली, समुद्राकडच्या अंगाला, म्हणजे पुढं सावली होईल. त्याआधी अख्खा एक दिवस घालवून तिथं जमिनीवर पसरलेली एक वेल सगळी उपटली, जांभळी फुलं येतात तिला, आम्हाला वाटलं रान माजलंय. जवळजवळ दीडशे फूट लांबीचा पट्टा साफ केला, फोटो काढले, समाधानानं परत आलो.

दिवाळीनंतर गेलतो तर साठातली चार रोपं जिवंत, तीही करंजाची आणि सगळ्यात मागच्या रांगेतली. पुढचा उंचवटा माझ्या कमरेएवढा उभा कापल्यासारखा तुटला होता. एका सुरूच्या मुळ्या उघड्या पडून हवेत लोंबत होत्या. आणि जिथं आमचं साफ करायचं राहिलं होतं, वेल तशीच होती, तिथला उंचवटा जागच्या जागी. मी बराच वेळ त्या दोन तुकड्यांच्या मधे उभा होतो. तेव्हापासून डोक्यातनं जात नाही की आपण मदत करायला गेलो आणि नुकसान करून आलो काय.

दुसरं, कचऱ्याची बावीस पोती बांधून आम्ही एका कोपऱ्यात ठेवली होती, कुणीतरी उचलेल म्हणून. पुढच्या खेपेला कुत्र्यांनी फाडलेली, अर्धं परत वाळूत.

आता यंदा दिवाळीनंतर परत जायचंय. काय लावायचं, कधी लावायचं, कुणाला विचारायचं, आणि गोळा केलेलं न्यायचं कुठं? जाणकारांनी सांगा प्लीज.

---

माहेर_देवगड

दादा, वाचून पोटात कालवलं, पण तुम्ही खरं लिहिलंत हे फार बरं केलंत. माझं माहेर तिकडचंच, लग्न होऊन राजारामपुरीत आले त्याला एकवीस वर्षं झाली.

तुम्ही उपटलीत ती मर्यादवेल. नावातच आहे बघा, समुद्राची मर्यादा. तिच्या पुढं समुद्र, मागं माणसाची वस्ती, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगायची. पान मधोमध चिरलेलं असतं, शेळीच्या खुरासारखं. तिला पेरापेराला मुळ्या फुटतात, एक वेल वीस-पंचवीस फूट पसरली तर जागोजागी तिनं वाळू धरून ठेवलेली असते. वारा आला की उडणारी वाळू पानांत अडकते, वेल थोडी वर येते, परत वाळू अडकते, अशी ती टेकडी वाढत जाते. ती टेकडी म्हणजे वेलीनं वर्षानुवर्षं साठवलेली वाळू आहे.

लहानपणी आम्ही पोरं त्या वेली तोडून दोरीउड्या खेळायचो तर माझी मावशी लांबून ओरडायची, "अरे झिलांनो, ती वेल कित्याक उपटतास?" तेव्हा कळायचं नाही. पुढं एका वर्षी बाजूच्या वाडीत कुणीतरी ट्रॅक्टर घालून वाळू नेली, वेलीसकट, आणि पुढच्या आषाढात उधाणाचं पाणी थेट माडांच्या बुंध्याशी आलं. मी बघितलंय ते.

एक मात्र सांगते, उंचवटा तुटला तो सगळाच तुमच्यामुळं असं धरू नका. पावसाळ्यात आपल्याकडची पुळण दरवर्षीच खाली बसते. मोठ्या लाटा वाळू ओढून आत नेतात आणि दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की हळूहळू परत आणून टाकतात. लाटा खायला लागल्या की टेकडीतली वाळू कामाला येते, ती आपली शिल्लक. फक्त वेल असली की थोडी तुटते आणि लगेच सावरते, वेल नसली की भगदाड पडतं.

आणि आधी गावात बसा. चहा प्या, सरपंचांना भेटा, मच्छीमारांच्या वाडीत जा, बायकांशी बोला. तुम्ही दोन वर्षं जाताय आणि एकाही माणसानं तुम्हाला वेलीबद्दल सांगितलं नाही, म्हणजे कुणाशी बोलणंच झालं नसणार. राग मानू नका.

---

रोपवाटिका_कागल

भावा, माझी नर्सरी हाय, तुमच्यासारखी बरीच मंडळी जूनमध्ये येतात आणि कोकणात लावायचीत म्हणून गुलमोहर मागतात. मी आता सरळ नाही म्हणतो. खारा वारा, पोषण नसलेली वाळू, वरनं उन्हाळ्यात तळपायाला चटका बसंल एवढी तापलेली जमीन, तिथं घाटावरचं झाड कसं जगणार. पानांवर मिठाचे फवारे बसून कडा करपतात, तुमच्या रोपांचंबी तेच झालं असणार.

किनाऱ्यावर झाडांची एक उतरंड असते ती पाळायची. सगळ्यात पुढं फक्त वेल आणि गवत, म्हणजे मर्यादवेल आणि ते काटेरी गोल झुपक्याचं स्पिनिफेक्स, ज्याचे चेंडू वाऱ्यावर पुळणीवरनं घरंगळत जातात. तिथं झाड लावायचंच नाही, कितीबी मोह झाला तरी. टेकडीच्या मागच्या उतारावर केवडा, निर्गुंडी. त्याच्याबी मागं, जिथं जमीन जरा बसलेली आहे तिथं उंडी, करंज, भेंड. तुमची चार करंजं जगली ती मागच्या रांगेत होती म्हणूनच, झाडबी बरोबर आणि जागाबी बरोबर.

मर्यादवेल परत आणायला पैसे लागत नाहीत. जिथं शाबूत आहे तिथनं हातभर लांबीचे तुकडे घ्या, पण एकाच जागचे ओरबाडू नका, इथनं दोन तिथनं दोन. दोन-तीन पेरं ओल्या वाळूत नीट खोल गाडायची, शेंडा वर ठेवायचा. पहिला पाऊस होऊन वाळू आतनं भिजली की लावायचे, आणि लाटेच्या तोंडाशी नाही, टेकडीच्या माथ्याकडनं सुरुवात करून खाली पसरू द्यायचे. वेल आपणहून पुढं जाते, तिला ढकलायला लागत नाही.

उंडी तर माझं लाडकं झाड. पूर्वी कोकणात तिच्या बियांचं तेल दिव्याला आणि होड्यांना वापरायचे. गोल गोटीसारखी फळं झाडाखाली पडलेली असतात, गावातल्याच झाडाची गोळा करा. कवच लई टणक असतं, तसंच लावलं तर महिनोन्महिने उगवत नाही, हलक्या हातानं फोडून आतला गर शाबूत ठेवून पिशवीत लावलं की लवकर येतं. गावातल्या शाळेत पिशव्या भरून ठेवा, पोरं पाणी घालतील, दोन पावसाळे पिशवीत काढू द्या, मग जमिनीत. कोल्हापुरातनं टेम्पो भरून रोपं न्यायची गरजच काय, बी तिकडचं, माती तिकडची, ते झाड तगतं.

सुरूबद्दलपण लिहितो. ती काही आपली मूळची नाही, ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडची, वारा अडवायला म्हणून लावलेली. तिच्या सुयांचा जाड थर पडतो आणि त्याखाली दुसरं काही सहज उगवत नाही. म्हणून कुऱ्हाड घेऊन जाऊ नका, ती जागा बहुतेक वनविभागाची असती, गावाला सावलीबी तिचीच. फक्त नवीन सुरू लावायच्या भानगडीत पडू नका, आणि जिथं जुनं झाड पडलंय त्या मोकळ्या जागेत परवानगी घेऊन उंडी घाला.

---

पेठेतला

सगळं बरोबर आहे, पण मला एक कळत नाही, चार तास गाडी हाणून देवगडला जायचं कशाला? आपला रंकाळा आहे की. काठाला काय कमी काम आहे का, जलपर्णी, निर्माल्य, पिशव्या. पंचगंगेचा घाट आहे. आणि तसंही आपल्या नदीत टाकलेलं प्लास्टिक शेवटी कोकणातल्या समुद्रातच जाणार, मग इथंच अडवलं तर तिकडं जायची वेळच येणार नाही.

---

जुना_मास्तर

वरच्या लेकराच्या कळकळीबद्दल आदर आहे, पण भूगोल दुरुस्त करतो. चौतीस वर्षं शिकवलंय, गप्प बसवत नाही.

पंचगंगा कोकणात उतरत नाही बाळा. ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा पूर्वेला कर्नाटक, तेलंगण, आंध्र करत बंगालच्या उपसागराला. म्हणजे आपल्या घाटावरची पिशवी वाहत गेलीच तर ती जाणार आंध्रच्या किनाऱ्याला. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस पडला की पश्चिमेचं पाणी कोकणात आणि पूर्वेचं आपल्याकडं, गगनबावड्याला उभं राहिलं की हे डोळ्यांनी दिसतं. आपला कचरा कोकणच्या पुळणीवर पोचतो तो नदीनं नाही, आपल्या गाड्यांच्या डिकीतनं. शाहूपुरीकरांनी जे बघितलं तेच खरं कारण.

पण रंकाळ्याचं म्हणणं मला पटतं. दोन्हीकडं काम करता येतं आणि रंकाळ्यावर रोज जाता येतं, हा मोठा फायदा. उन्हाळ्यात पाणी उतरून तलावातला संध्यामठ मोकळा झाला की काठाचा गाळ उघडा पडतो, तेव्हा गाळात रुतलेलं प्लास्टिक हाताला लागतं, ते पावसाआधी काढलं पाहिजे. जलपर्णी फुलायच्या आत ओढून काढायची, कारण तिचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. आणि ओढलेली काठावरच ढीग लावून ठेवली तर पहिल्या पावसात परत आत, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

आता किनाऱ्यावर जाणाऱ्यांसाठी एक जुना हिशोब. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते. आम्हाला लहानपणी पाऊणकी पाठ होती म्हणून तोंडी यायचं. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि ओहोटी दुपारी बाराला, भर उन्हात. त्या दिवशी कामाला जाऊ नये. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे पाच-सव्वापाचच्या पुढं-मागं. तेव्हा पुळण लांबवर उघडी असते आणि ऊन चढायच्या आत चार तास काम होतं. हा अंदाज आहे, तंतोतंत वेळ वाडीतल्या मच्छीमाराला विचारावी, त्याला कॅलेंडर लागत नाही.

---

कासव_खेपा

मी दरवर्षी कासवांच्या सिझनला तिकडं मदतीला जाते म्हणून काही गोष्टी सांगते, कारण तुम्ही दिवाळीनंतर जाणार म्हणजे बरोबर त्याच वेळेला.

ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च आपल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. देवगड तालुक्यात तांबळडेगला येतात, वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला, रत्नागिरीत गावखडीला. मादी रात्री येते, टेकडीच्या पायथ्याशी दीड-दोन फूट खड्डा करते, शंभरच्या आसपास अंडी घालते, मागच्या पायांनी वाळू थापटून बुजवते आणि परत जाते. सकाळी फक्त माग दिसतो, ट्रॅक्टरच्या चाकासारखा. पहिल्यांदा मी तो माग बघितला तेव्हा मला कळलंच नव्हतं, मी त्याच्यावरून चालत गेले होते. सोबतच्या काकांनी हात धरून मागं ओढलं आणि खाली बसून वाळूवर तळहात ठेवला, म्हणाले, हिच्याखाली आहेत. त्या दिवशी आम्ही त्या तुकड्यावर कचरासुद्धा उचलला नाही.

म्हणून या दिवसांत पुळणीवर फावडं, कुदळ, दाताळं नको. जेसीबी किंवा ट्रॅक्टरनं साफसफाई तर कधीच नको. घरटं दिसलं तर हात लावू नका, अंडी हलवायची ती फक्त वनविभागाच्या माणसांनी किंवा त्यांच्या कासवमित्रांनी, कासवं वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पिल्लं पंचेचाळीस ते पंचावन्न दिवसांत निघतात आणि उजेडाच्या दिशेनं चालतात, म्हणून किनाऱ्यावर मुक्काम करणार असाल तर शेकोटी, टॉर्च, गाडीचे हेडलाइट समुद्राच्या बाजूला नको. आणि हो, वेल परत लावताना पायथ्याचा थोडा भाग मोकळा राहू द्या, मादीला खड्डा करायला उघडी वाळूच लागते.

कचरा हातानंच वेचायचा. ओहोटीला सुकलेलं शेवाळ, शिंपले, लाकडाचे तुकडे यांची एक रेघ राहते किनाऱ्यावर, ती कचरा नाही, तिच्यावर किडे जगतात आणि किड्यांवर पक्षी. त्यातनं नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे, थर्माकोल, चपला, काचा, गोळ्यांची पाकिटं तेवढी निवडून काढा. जाळ्या आधी काढा, कासवं अडकतात. पावसाळ्यात वाळूत डांबराचे गोळे मिळतील, ते उघड्या हातानं धरू नका. सुया-बल्बसाठी वेगळा डबा आणि जाड हातमोजे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचं सगळ्यांना माहीतच असेल. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे लोक 2002 मध्ये समुद्र गरुडांची पाहणी करत होते, तेव्हा त्यांना तिथं फुटलेल्या अंड्यांची टरफलं दिसली आणि कासवांचं काम सुरू झालं. गावातली माणसं त्यात आली, पूर्वी जे अंडी काढायचे तेच राखायला लागले. मुंबईत वर्सोव्याला 2015 पासून लोक दर आठवड्याला त्याच एका किनाऱ्यावर जात राहिले आणि 2018 मध्ये तिथं कासवाची पिल्लं दिसली. तुम्ही अकरा जण आहात, सगळा किनारा धरू नका. दीडशे फूट तुटलंय ना, तेवढेच दीडशे फूट धरा.

---

रोपवाटिका_कागल

कासवताईंनी पायथा मोकळा ठेवायचं सांगितलं ते मला माहीत नव्हतं, बरं झालं लिहिलंत. आणि एक राहिलं, कुणी सांगंल की खाडीच्या तोंडाला कांदळवन, म्हणजे मँग्रोव्ह, लावा म्हणून. ते वाळूवर लावायचं झाड नाही, चिखलातलं आहे. पांढरी चिपी तर 2020 पासून राज्याचं कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर झालीय, म्हणून हौसेनं कुठंबी लावायला जातात लोक. त्यासाठी वनविभागाच्या कांदळवन कक्षाची माणसं असतात, त्यांना विचारल्याशिवाय नको.

---

माहेर_देवगड

पोत्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. छोट्या पंचायतीकडं ना गाडी ना जागा. तुम्ही बावीस पोती ठेवून आलात म्हणजे त्यांच्या गळ्यात टाकून आलात. जाताना टेम्पो रिकामा जातोय ना तुमचा, मग येताना भरून आणा. तिथंच वाळू झटकून तीन ढीग करा, बाटल्या-डबे एक, काच एक, जाळ्या-दोऱ्या एक. बाटल्या आणि पत्र्याचे डबे कोल्हापुरात भंगारवाला घेतो, काचेला आणि जाळ्यांना आधी फोन करून विचारा. वेफर्सची चकचकीत पाकिटं कुणीच घेत नाही, ती वेगळी बांधून इथल्या घंटागाडीत द्यावी लागतील. आणि नवीन बाकडी, फरसबंदी, कठडा असलं काही गावानं सुचवलं तर घाई करू नका, वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या जागा सीआरझेडच्या, म्हणजे किनारा राखायच्या सरकारी नियमांच्या, सगळ्यात कडक भागात येतात, परवानगीशिवाय बांधकाम केलं तर गावच अडचणीत येईल.

---

शाहूपुरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सगळे रिप्लाय ग्रुपवर वाचून दाखवले, वर्कशॉपवाला आमचा मित्र वेलीचं ऐकून उठून बाहेरच गेला, सगळ्यात जास्त वेल त्यानं उपटली होती.

ताई, तुमचं बरोबर आहे, गावात आम्ही फक्त चहाच्या टपरीवर थांबायचो, दोन वर्षांत कुणाच्या घरी गेलो नाही. आज सकाळी टपरीवाल्यांना फोन करून सरपंचांचा नंबर घेतला आणि बोललो. वेलीचं झालं ते सगळं सांगितलं, माफी मागितली. ते म्हणाले, या, पण आधी शाळेत या, मास्तरांनाबी बोलावतो. वनरक्षकांनाही तेच सांगणार आहेत.

त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे पंचगंगा घाटावर दीपोत्सव असतो, तिथं आम्ही सगळे पणत्या लावायला असतो, त्यामुळं त्या दिवशी नाही जमणार. त्यानंतर दोन दिवसांनी द्वितीया, गुरुजींच्या हिशोबानं दोन पाऊणे दीड, म्हणजे ओहोटी साडेसातच्या आसपास. आदल्या रात्री फोंड्याला मुक्काम करून पहाटे किनाऱ्याकडं निघतोय. या खेपेला काही लावणार नाही, फक्त जाळ्या आणि काचा वेचायच्या, उंडीची फळं पडलेली मिळाली तर गोळा करायची, आणि तुटलेल्या दीडशे फुटांच्या दोन्ही टोकाला दगड ठेवून फोटो काढून ठेवायचा. वेलीचे तुकडे जूनमध्ये, टेकडीच्या माथ्यावरनं, पायथा सोडून.

पेठेतला भावा, रविवारी सकाळी सहाला संध्यामठाच्या बाजूला ये, रंकाळ्याचं तिथनं चालू करतोय.

कागलवाल्या दादांना एकच विचारायचंय, उंडीसाठी पिशवी केवढी घ्यायची आणि भरताना तिथली वाळू किती, शेणखत किती?

---

रोपवाटिका_कागल

मोठी पिशवी घ्या, बारा इंची तरी, उंडीचं मूळ खोल जातं. एक भाग वाळू, एक भाग तांबडी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. खाली भोकं पाडायला विसरू नका. पिशव्या माझ्याकडनं घेऊन जा, पैसे नकोत.